भूपृष्ठीय हवामान निरीक्षणजाळ्यांचे एकात्मीकरण : पर्जन्यनोंदींच्या संदर्भात

महाराष्ट्रात पावसाची नोंद १८७५ मध्ये स्थापन झालेल्या भारतीय हवामानशास्त्र विभागाखेरीज कृषी विद्यापीठे, जलसंपदा विभाग आणि ‘महावेध’ प्रकल्पातील महसूल मंडळनिहाय स्वयंचलित केंद्रेही घेतात. ही आकडेवारी एकत्र करणे वरकरणी सोपे वाटते. खरी अडचण दिनांकापासूनच सुरू होते. हवामानशास्त्र विभागाचा पर्जन्यदिन सकाळी ८.३० वाजता संपतो. त्यामुळे ५ जुलैच्या सायंकाळी पडलेला पाऊस ६ जुलैच्या खाती जमा होतो. मध्यरात्री दिवस बदलणारे यंत्र मात्र तोच पाऊस ५ तारखेस दाखवील. हवामानाधारित फळपीक विम्यात सलग दिवसांच्या नोंदींवर भरपाई अवलंबून असते, तेथे हा फरक क्षुल्लक म्हणता येत नाही. शिवाय मुसळधार पावसात कलणाऱ्या पात्राचे स्वयंचलित पर्जन्यमापक प्रत्यक्षापेक्षा कमी पाऊस नोंदवितात, हे वेगळेच!

जागतिक हवामान संघटनेची २०२० पासून कार्यान्वित झालेली एकात्मिक निरीक्षण प्रणाली म्हणूनच प्रत्येक केंद्रास स्वतंत्र ओळखक्रमांक देते आणि आकड्यासोबत उपकरण, उंची, परिसर व निरीक्षणाची वेळ यांचीही माहिती मागते. जुन्या पर्जन्यमापकाशेजारी नवे यंत्र काही वर्षे समांतर चालविल्याशिवाय दोहोंच्या नोंदी एका मालिकेत जोडणे युक्त नव्हे.