महामारीकाळातील शेतकरी अर्थसाहाय्य : सोनपेठ तालुक्याच्या संदर्भात एक विवेचन

प्रस्तावना :
25 मार्च 2020 पासून देशव्यापी टाळेबंदी लागू झाली. परभणी जिल्ह्यातील सोनपेठ हा गोदावरी खोऱ्यातील कापूस, सोयाबीन व तूर पिकविणारा तालुका आहे. अशा तालुक्यांतील शेतकऱ्यांसाठी हा काळ शिल्लक माल विकण्याचा आणि खरिपाची तयारी करण्याचा असतो. त्या वेळी मिळालेल्या शासकीय साहाय्याचे स्वरूप व मर्यादा स्पष्ट करणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

साहाय्याचे स्वरूप :
26 मार्च 2020 रोजी केंद्र शासनाने 1.70 लाख कोटी रुपयांचे प्रधानमंत्री गरीब कल्याण पॅकेज जाहीर केले. प्रधानमंत्री किसान सन्मान निधीचा 2,000 रुपयांचा हप्ता एप्रिलच्या प्रारंभीच सुमारे 8.7 कोटी शेतकऱ्यांना देण्याची तरतूद त्यात होती. तथापि ही रक्कम नवीन नव्हती. वर्षाला 6,000 रुपये तीन हप्त्यांत देणारी ही योजना 2019 पासूनच सुरू होती. एप्रिल ते जुलै या कालखंडाचा हप्ता केवळ आरंभीच देण्यात आला. म्हणजेच साहाय्याची वेळ बदलली, रक्कम बदलली नाही.

याशिवाय पीककर्ज परतफेडीची मुदत प्रथम 31 मे व नंतर 31 ऑगस्ट 2020 पर्यंत वाढविण्यात आली. रोजगार हमीची राज्यातील मजुरी 206 वरून 238 रुपये झाली.

नुकसान आणि साहाय्य यांतील अंतर :
2019-20 च्या हंगामात लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला 5,550 रुपये होता. टाळेबंदीत शासकीय खरेदी थांबली व पुढे टप्प्याटप्प्याने सुरू झाली. एखाद्या शेतकऱ्याने गरजेपोटी 20 क्विंटल कापूस हमीभावापेक्षा 500 रुपये कमी दराने विकला असे गृहीत धरल्यास त्याचे नुकसान 10,000 रुपये होते. 2,000 रुपयांच्या हप्त्याने त्याचा पाचवा हिस्साच भरून निघतो.

अमेरिकेने एप्रिल 2020 मध्ये जाहीर केलेल्या योजनेत 16 अब्ज डॉलर थेट साहाय्यासाठी होते. ते भावातील घसरणीशी व उत्पादनातील जोखमीशी जोडलेले होते. त्यामुळे मोठ्या उत्पादकास अधिक रक्कम मिळण्याचा दोष त्यात होता. भारतीय हप्ता सर्वांना समान होता. परंतु नुकसानीशी त्याचा संबंध नव्हता.

वगळले गेलेले घटक :
सन्मान निधीची पात्रता जमिनीच्या मालकीवर ठरते. 1 फेब्रुवारी 2019 ही त्यासाठीची निर्धारित तारीख असून वारसाहक्काचा अपवाद आहे. परिणामी बियाणे व खतांचा खर्च करणारा बटाईदार अपात्र, तर सातबारावर नाव असलेला मालक, तो करदाता अथवा अन्य अपवर्जित गटातील नसल्यास, पात्र ठरतो. पतीच्या नावावरील शेतात राबणाऱ्या स्त्रीचीही स्वतंत्र नोंद होत नाही. भूमिहीन शेतमजूर व ऊसतोड कामगार यांना मोफत धान्य आणि रोजगार हमी यांवरच अवलंबून राहावे लागले.

समारोप :
थेट बँक खात्यात रक्कम जमा होण्याची व्यवस्था आधीच उभी असल्याने संकटात साहाय्य त्वरेने पोहोचू शकले, हे या योजनेचे यश मान्य करावे लागते. मात्र नियमित उत्पन्न-आधार आणि आपत्तीची भरपाई या दोन भिन्न गोष्टी आहेत. 2023 पासून राज्याच्या नमो शेतकरी महासन्मान निधीने वार्षिक 6,000 रुपयांची भर घातली; परंतु पात्रतेचा पाया तोच राहिला. प्रत्यक्ष कसणाऱ्याची नोंद झाल्याशिवाय पुढील आपत्तीतही साहाय्य जमिनीच्या मालकाकडे जाईल आणि जोखीम कसणाऱ्याकडे राहील.