घरच्या गोष्टीवर पोट भरते का?

शेत कसून पोट भरते. डेअरीला दूध घालून भरते. चपला शिवून, भिंती बांधून, ओझी वाहूनही माणसे पोट भरतात. पण "आमच्या घरी आज असे असे झाले" एवढेच लोकांना सांगून कुणाचे पोट भरेल का? भरते. थोड्यांचेच भरते, पण भरते. ते कसे, हे आपण पाहू.

अमेरिकेत ओहायो नावाचे राज्य आहे. तिथे अर्मा बॉम्बेक नावाची बाई राहत होती. मुले झाल्यावर तिने वर्तमानपत्रातली नोकरी सोडली होती. नवरा, तीन मुले, धुणे, भांडी, स्वयंपाक. दिवस उगवला की काम, मावळला तरी काम संपत नाही. आपल्याकडच्या बायांना हे सांगायला नको.

१९६४ साली तिने गावाजवळच्या एका लहान वर्तमानपत्रात लिहायला सुरुवात केली. विषय कोणता? आपलेच घर. ढिगाने साचलेले कपडे, ऐकत नसलेली मुले, आपली स्वतःची फजिती. एका लेखाचे तिला ३ डॉलर मिळत. तेव्हाच्या भावाने सुमारे सव्वाचौदा रुपये. पुढच्याच वर्षी एका मोठ्या पत्राने तिला बोलावले. मग तिचा एकच लेख अनेक पत्रांत छापून येऊ लागला. होता होता अशी पत्रे ९०० च्या घरात गेली. एका पत्राने थोडेच पैसे दिले, तरी ९०० ठिकाणचे थोडे थोडे मिळून किती होतील, त्याचा हिशेब तुम्हीच करा.

तिच्या घरी काही राजवाड्यातल्या गोष्टी घडत नव्हत्या. वाचणाऱ्या बाईला वाटे, अगंबाई, हे तर माझेच घर! म्हणून लोक वाचत. १९९६ साली ती वारली. त्याच्या पाचच दिवस आधी तिचा शेवटचा लेख छापून आला होता. तीस वर्षांहून जास्त तिने हे काम केले. हसू आणणारे लिहिणे हेही कष्टाचेच काम असते बरं का.

आता लिहिणाऱ्यांपेक्षा दाखवणारे जास्त झाले आहेत. मोबाइलवर घरचा व्हिडिओ काढायचा आणि तो यूट्यूबवर टाकायचा. बघणारा तर फुकट बघतो, मग पैसे येतात कुठून?

जत्रेत कुस्त्यांचा फड रंगला की माणसे जमतात. माणसे जमली की भेळवाला, रसवाला, खेळणीवाला तिथेच दुकान मांडतात. जागेचे भाडे जत्रा कमिटी घेते. समजा, कमिटीने त्यातला वाटा पैलवानांना दिला, तर? इथे तसेच आहे. व्हिडिओच्या आधी किंवा मधे साबणाची, तेलाची जाहिरात लागते. साबणवाला कंपनीला पैसे देतो. मोठ्या व्हिडिओवरच्या जाहिरातीचे १०० रुपये आले, तर कंपनी ४५ ठेवते आणि ५५ व्हिडिओवाल्याला देते.

पण फड रंगायला हवा! जाहिरातीचा वाटा मिळायला आधी तुमचे १,००० सभासद लागतात. शिवाय एका वर्षात लोकांनी तुमचे व्हिडिओ मिळून ४,००० तास पाहिलेले असावे लागतात. नाहीतर लहान व्हिडिओ ९० दिवसांत १ कोटी वेळा पाहिले गेले पाहिजेत. पैसेसुद्धा १०० डॉलर साठल्याशिवाय खात्यात येत नाहीत. म्हणून आम्ही म्हणतो, व्हिडिओ काढा, पण त्यासाठी दावणीची म्हैस विकू नका.

आपल्याकडेही हे घडले आहे. सारोळा कासार हे पूर्वीच्या अहमदनगर, म्हणजे आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यातले गाव. तिथल्या सुमन धामणे या आजी शाळेत गेलेल्या नव्हत्या. २०२० साली नातवाने त्यांचे स्वयंपाकाचे व्हिडिओ काढले आणि लाखो लोकांनी ते पाहिले. त्याच वर्षी चोरट्यांनी त्यांचे यूट्यूबचे खाते पळवले. सुदैवाने ते परत मिळाले. घराला कुलूप लावतो तसे या खात्यालाही लागते. त्याचा परवलीचा शब्द कुणाला सांगू नये.

आता एक नाजूक गोष्ट. आजी आपल्या मर्जीने चुलीपुढे बसली. तीन वर्षांच्या पोराला कोण विचारतो? त्याचे रडणे, न्हाणे, आजारपण, परीक्षेत नापास होणे, सारे जगापुढे जाते. पोर उद्या मोठे होते, त्याचे लग्न ठरते, व्हिडिओ तसाच राहतो. आणि पैसे? १८ वर्षांखालच्या मुलाला ते स्वतःच्या नावे घेताच येत नाहीत. ते जातात बापाच्या नाहीतर आईच्या खात्यात. राबते एक, खाते दुसऱ्याचे.

अमेरिकेतल्या इलिनॉय राज्यात एका शाळकरी मुलीला हे खटकले. तिने आपल्या आमदाराला पत्र लिहिले. त्यातून कायदा झाला आणि १ जुलै २०२४ पासून तो लागू आहे. १६ वर्षांखालचे मूल अशा व्हिडिओंत बरेच वेळा दिसत असेल, तर त्याच्या वाट्याचे पैसे आईबापांनी वेगळे ठेवायचे. ते १८ वर्षांचे झाले की त्याचे त्याला द्यायचे.

आपल्या देशात सिनेमात किंवा टीव्हीवर काम करणाऱ्या लहान मुलांसाठी नियम आहे. त्यांच्या कमाईतला निदान पाचवा हिस्सा मुलाच्याच नावे सरकारी बँकेत मुदत ठेव म्हणून ठेवावा लागतो. दिवसाला पाच तासांपेक्षा जास्त काम त्यांच्याकडून घेता येत नाही. घरच्या व्हिडिओलाही हीच पट्टी लावली, तर आम्हाला ते रास्त वाटते. मुलाच्या नावाचे खाते आईवडिलांच्या सहीने उघडता येते. दहा वर्षांवरचे मूल तर, बँकेची तयारी असेल तिथे, स्वतःच्या सहीनेही उघडू शकते.