काळ्या मातीच्या मुलखात फुलणारा निवडुंग

आदिलाबाद जिल्ह्यात उन्हाळ्यात पारा ४५ अंशांपर्यंत चढतो आणि हिवाळ्यात तो अनेकदा १० अंशांखाली उतरतो. या दोन टोकांच्या मध्ये येतो भरपूर मोसमी पाऊस. रोपवाटिकेतून हौसेने आणलेला लहानसा कॅक्टस येथील उन्हाळा सहसा निभावून नेतो. त्याचा घात होतो तो पावसाळ्यात. निवडुंग पाण्यावाचून क्वचितच मरतो, अतिपाण्याने मात्र बहुधा मरतो.

मराठीत ‘निवडुंग’ हा शब्द सैलपणे वापरला जातो. बांधावरचा थोर किंवा कुंपणाचा शेर तोडल्यास पांढरा चीक निघतो. ही झाडे कॅक्टसच्या कुळातील नव्हेत. खऱ्या कॅक्टसचे काटे मऊ लव असलेल्या लहान उशीसारख्या ठिपक्यांतून निघतात. या कुळाचे मूळ घर अमेरिका खंड. फड्या निवडुंगही तिकडूनच भारतात आला.

माती कोणती?

कापसाला मानवणारी येथील काळी माती कॅक्टसला मानवत नाही. ती पाणी दीर्घकाळ धरून ठेवते, ओली असता चिकट होते आणि वाळली की भेगाळते. अशा मातीत मुळांना हवा मिळत नाही व ती कुजतात. त्याऐवजी एक भाग लाल माती, एक भाग चांगले कुजलेले पालापाचोळ्याचे खत आणि दोन भाग जाड रेती किंवा विटांचा चुरा असे मिश्रण करावे. मूठभर ओले मिश्रण दाबून सोडल्यावर त्याचा गोळा टिकू नये, तो विस्कटावा. कुंडी मातीची, रोपापेक्षा थोडीच मोठी आणि तळाला भोक असलेली असावी. कुंडीखालच्या बशीत पाणी साचू देऊ नये. रोप बदलताना वर्तमानपत्राची जाड घडी त्याच्याभोवती गुंडाळून धरावी आणि नव्या कुंडीत लावल्यावर आठवडाभर पाणी देऊ नये; दुखावलेली मुळे तेवढ्यात सुकून भरून येतात.

पाणी आणि ऊन

बहुतेक झाडे दिवसा पानांवरची सूक्ष्म छिद्रे उघडून हवा घेतात. कॅक्टस ती छिद्रे रात्री उघडतो, त्यामुळे त्याच्या अंगातले पाणी फारसे उडून जात नाही. म्हणूनच त्याला पाणी क्वचित, पण दिले तर पोटभर द्यावे आणि माती तळापर्यंत वाळल्याशिवाय पुन्हा देऊ नये. मृगाचा पाऊस लागण्यापूर्वी कुंड्या ओसरीत किंवा छज्जाखाली, उजेड व वारा मिळेल अशा जागी हलवाव्यात. एप्रिल-मे महिन्यांत दुपारचे ऊन कोवळ्या रोपाला भाजते. तेव्हा हिरव्या जाळीची सावली द्यावी. कडक उन्हाळ्यात अनेक जातींची वाढ थांबते, त्यामुळे उकाडा वाढला म्हणून पाणी वाढवू नये. पाणी थोडे आणि सायंकाळी द्यावे.

फुलांचे गणित

आदिलाबादची थंडी येथे उपयोगी पडते. मॅमिलारियासारख्या अनेक जातींना कळ्या धरण्यासाठी थंड, कोरडी विश्रांती लागते. नोव्हेंबरअखेरपासून जानेवारीपर्यंत महिन्यातून एखादे वेळीच, तेही उबदार दिवशी, थोडे पाणी द्यावे आणि खत मुळीच देऊ नये. कुंडी भरपूर उजेडात ठेवावी. माघ-फाल्गुनात मॅमिलारियाच्या शेंड्याभोवती लहान फुलांचे कडे उमटू लागते. कळ्या दिसल्यावर पाणी हळूहळू वाढवावे. नवशिक्यांसाठी मॅमिलारिया उत्तम. जिम्नोकॅलिशियम थोडी सावलीही सोसते. रिब्युशिया सुंदर फुलते, परंतु ती डोंगराळ, थंड प्रदेशातील असल्याने येथील उन्हाळा तिला जड जातो.

खरेदी करताना फूल निरखून पाहावे. काही ठिकाणी रोपाच्या डोक्यावर वाळलेली रंगीत फुले गोंदाने चिकटवलेली असतात. लाल-पिवळ्या गोळ्याचा ‘मून कॅक्टस’ म्हणजे हिरव्या खोडावर बांधलेले कलम असते. वरच्या गोळ्यात हरितद्रव्य नसल्याने त्याचे आयुष्य खालच्या खोडावरच अवलंबून असते.

काट्यांच्या बेचक्यांत कापसासारखे पांढरे पुंजके दिसले, तर तो पिठ्या ढेकूण समजावा. कपाशीच्या शेतकऱ्यांना तो परिचितच आहे. रोप वेगळे ठेवून कापसाच्या बोळ्याने स्पिरिट लावल्यास सुरुवातीची लागण आटोक्यात येते.

मॅमिलारियाच्या अनेक जातींना बुडाशी पिल्ले फुटतात. फेब्रुवारी-मार्चमध्ये पिल्लू अलगद सोडवून सावलीत आठवडाभर वाळवावे आणि कोरड्या मिश्रणावर नुसते टेकवून ठेवावे. मुळे धरली, म्हणजे रोप किंचित हलवूनही जागचे हलले नाही, की पहिले पाणी द्यावे. बियांपासून वाढवलेल्या रोपाला फूल येण्यास काही वर्षे लागतात. पिल्लापासून केलेले रोप बहुधा त्याआधी फुलते.