ट्रॉली रंगवा, पण पाठ चमकती ठेवा

दिवाळी जवळ आली की ऊसपट्ट्यातल्या ट्रॉल्या पेंटरच्या दारात रांगेने उभ्या राहतात. मागच्या फळीवर ‘आईची कृपा’, बाजूंना मोर नाहीतर बैलजोडी, कोपऱ्यात पेंटरची सही. गावात ट्रॉली नंबरावरून नव्हे, या रंगावरूनच ओळखली जाते.

काम दिसते तेवढे सोपे नाही. आधी तारेच्या ब्रशने गंज खरवडायचा, रेड ऑक्साईडचा हात द्यायचा, खड्ड्यांत लांबी भरून पॉलिश पेपरने घासायचे. मग ऑइलपेंटचे दोन हात. त्यावर खडू लावलेल्या दोरीने रेघा आखून अक्षरे काढायची, शेवटी शेड द्यायची. गंजावर किंवा ओल्या पत्र्यावर रंग मारला, तर पोपडे निघालेच म्हणून समजा. तेव्हा पेंटरला “उद्याच पाहिजे” म्हणू नका. प्रत्येक हात नीट वाळू द्या.

या धंद्याला मात्र आता उतरती कळा लागली आहे. रेडियमची अक्षरे यंत्रावर झटपट कापून मिळतात, दुकानांच्या पाट्या फ्लेक्सने नेल्या. १ एप्रिल २०१९ पासून नव्या गाड्यांना शासनमान्य नंबरप्लेट आली आणि तेही काम हातचे गेले. ‘हॉर्न ओके प्लीज’ लिहायला तर राज्याच्या परिवहन खात्याने २०१५ सालीच मनाई केली.

आता मुद्द्याचे बोलू. रंग कितीही झगझगीत असो, अंधारात तो उपयोगाचा नाही. भरलेली ट्रॉली रात्री पंक्चर होऊन रस्त्याकडेला उभी राहिली, तर मागून येणाऱ्या मोटारसायकलवाल्याला सावध करते ती चमकणारी पट्टीच. म्हणून चित्र आखण्याआधीच पेंटरला सांगा, “पट्टीची जागा मोकळी सोडा.” मागे लाल, बाजूंना पिवळी. लोंबणाऱ्या उसाखाली झाकणार नाही अशी खाली, चौकटीच्या लोखंडावर घ्या. रंग पुरता वाळल्यावरच ती चिकटवा. नंतर तिच्यावर ब्रश फिरू देऊ नका आणि चिखल रोज पुसा.

सरपंच आणि ग्रामपंचायत अधिकाऱ्यांनाही एक सांगणे आहे. योजनांची माहिती फ्लेक्सवर न लावता गावच्या पेंटरकडून भिंतीवर लिहून घ्या. फ्लेक्स वाऱ्यापावसात फाटतो, भिंतीवरचे अक्षर टिकते. आणि हंगाम नसतानाही पेंटरच्या घरची चूल पेटती राहते.