कोशिका-पटलातील प्रथिने : आयनीकारक प्रारणाचे परिणाम

क्ष-किरण, गॅमा किरण यांसारखे प्रारण (तरंगरूपी वा कणरूपी ऊर्जा) द्रव्यातून जाताना अणूंतील इलेक्ट्रॉन बाहेर काढते, म्हणून त्यास आयनीकारक म्हणतात. प्रारणाने होणाऱ्या कोशिकेच्या (पेशीच्या) मृत्यूस मुख्यतः डीएनएची हानी कारणीभूत असली, तरी कोशिका-पटलातील प्रथिनांच्या संरचनेतही त्याने बदल होतात.

पटल लिपिडांच्या (मेदसदृश पदार्थांच्या) दुहेरी थराचे असून त्यात प्रथिनांचे रेणू रुतलेले असतात. त्यांची हानी दोन प्रकारे होते. प्रत्यक्ष परिणामात प्रथिनाचा रेणू स्वतःच ऊर्जा शोषतो. अप्रत्यक्ष परिणामात प्रथम पाण्याचे अपघटन होऊन हायड्रॉक्सिल मूलक (अयुग्मित इलेक्ट्रॉन असलेला विक्रियाशील अणुगट) तयार होतो व तो जवळच्या रेणूवर आघात करतो. सिस्टीन, मिथिओनीन, ट्रिप्टोफेन व टायरोसीन ही ॲमिनो अम्ले विशेष संवेदनशील असतात. सिस्टिनातील गंधकयुक्त गटाचे ऑक्सिडीभवन झाल्यास प्रथिनाची घडी बिघडते. ऑक्सिजन असल्यास प्रथिनाची शृंखला तुटू शकते. नसल्यास शेजारचे रेणू परस्परांस जोडले जाण्याकडे कल असतो. लिपिडांच्या ऑक्सिडीभवनातून निघणारे मॅलॉनडायआल्डिहाइडही प्रथिनांत आडबंध निर्माण करते.

मानवी तांबड्या कोशिकेत पोटॅशियमाचे प्रमाण रक्तद्रवातल्यापेक्षा २० पटींहून अधिक असते. हा फरक पटलातील सोडियम–पोटॅशियम पंप हे प्रथिन टिकविते; प्रत्येक आवर्तनात ते ३ सोडियम आयन बाहेर टाकून २ पोटॅशियम आयन आत घेते. परिपक्व तांबड्या कोशिकेत केंद्रक नसल्यामुळे बिघडलेल्या प्रथिनाच्या जागी नवे तयार होत नाही.

ही बाब रक्तपेढीत महत्त्वाची ठरते. दात्याच्या रक्तातील लसीका कोशिका (पांढऱ्या कोशिकांचा एक प्रकार) दुर्बल प्रतिकारशक्तीच्या रुग्णाच्या ऊतकांवर हल्ला करू शकतात व ही विकृती बहुधा प्राणघातक ठरते. ती टाळण्यासाठी रक्तपिशवीस सुमारे २५ ग्रे मात्रेचे प्रारण देतात. तेवढ्याने लसीका कोशिकांची विभाजनक्षमता नष्ट होते. तांबड्या कोशिका कार्यक्षम राहतात, पण त्यांच्या पटलास इजा पोहोचते. शीत साठवणीत पंप मंदावल्याने पोटॅशियमाची गळती एरवीही होतेच. प्रारणाने ती वाढते. नवजात बालकास असे साठविलेले रक्त मोठ्या प्रमाणात व जलद दिल्यास पोटॅशियमाच्या आधिक्याने हृदयक्रिया बंद पडण्याचा धोका असतो. म्हणून अशा रक्ताची साठवण-मुदत कमी ठेवतात आणि बालकांसाठी प्रारणानंतर शक्य तितक्या लवकर ते वापरतात.