स्तोत्र ११८

हिब्रू बायबलमधील ‘स्तोत्रसंहिता’ (हिब्रू ‘तेहिल्लीम’) या १५० स्तोत्रांच्या ग्रंथातील एक प्रसिद्ध मुक्तिस्तोत्र. परमेश्वराने संकटातून सोडविल्याबद्दल केलेली ही स्तुती २९ वचनांची असून ११३ ते ११८ या सहा स्तोत्रांच्या ‘हालेल’ (स्तुती) नामक गटातील हे अखेरचे स्तोत्र होय. ग्रीक व लॅटिन भाषांतरांत अनुक्रम भिन्न असल्याने तेथे त्याचा क्रमांक ११७ येतो. रचनाकाल निश्चित नाही. तथापि बॅबिलोनियातील निर्वासनानंतरच्या काळात ते रचले गेले असावे, असे अनेक अभ्यासक मानतात.

स्तोत्राच्या आरंभी इस्राएलची प्रजा, आरनचे याजककुल आणि परमेश्वराचे भय बाळगणारे अशा तिघांना स्तुतीसाठी पाचारण केलेले आहे. प्रत्येकाच्या मुखी परमेश्वराच्या ‘हेसेद’चे ध्रुवपद येते. या शब्दाचे भाषांतर ‘दया’ असे केले जाते. पण दिलेल्या वचनाशी एकनिष्ठ राहण्याचा त्यातील भाव या भाषांतरात उतरत नाही. यानंतर मात्र एक ‘मी’ बोलू लागतो. तो ‘मेत्सार’मध्ये, म्हणजे अडचणीच्या चिंचोळ्या जागी सापडला होता व तेथून परमेश्वराने त्याला मोकळ्या, विस्तीर्ण जागी आणले. मुक्तीची कल्पना येथे प्रथम जागेच्या भाषेत मांडली आहे. मेत्सार आणि ईजिप्तचे हिब्रू नाव ‘मित्स्राइम’ यांतील नादसाम्याचा भाष्यकारांनी भरपूर उपयोग केला. अर्थात ते नादसाम्यच, व्युत्पत्ती नव्हे.

हा ‘मी’ कोण, याविषयी मतभेद आहेत. त्याला राष्ट्रांनी वेढले होते, असे स्तोत्र सांगते. सामान्य माणसाला राष्ट्रे वेढीत नाहीत. म्हणून कोणी त्याला राजा मानतात, तर कोणी सबंध प्रजेचा प्रतिनिधी. समुद्र पार केल्यावर मोझेसने गाइलेल्या गीतातील (निर्गम, अध्याय १५) एक ओळ चौदाव्या वचनात जशीच्या तशी आल्याने दुसऱ्या मताला बळकटी मिळते. शत्रूचे नाव, स्थळ किंवा प्रसंग यांचा मात्र कोठेही निर्देश नाही. ही उणीव नसून स्तोत्राचे सामर्थ्यच म्हणावे लागेल. कारण त्यामुळे पुढील कोणत्याही काळातील सुटका या शब्दांत सामावू शकली.

हेरमान गुंकेल (१८६२–१९३२) याने स्तोत्रांचे प्रकारानुसार वर्गीकरण केले व सिग्मुंड मोविंकेल (१८८४–१९६५) याने त्यांचा मंदिरातील उपासनेशी असलेला संबंध विशद केला. या दृष्टीने पाहता स्तोत्राची रचना उलगडते. हिब्रूत ‘तोदा’ या शब्दाने उपकारस्तुती आणि त्यासाठीचे अर्पण अशा दोन्हींचा बोध होतो. या अर्पणासोबत ४० भाकरी असत आणि अर्पणाचे मांस त्याच दिवशी संपवावे लागे. एकट्याला हे शक्य नव्हते. आप्तेष्टांना बोलावणे ओघानेच येई आणि सुटकेची हकीकत त्यांच्यासमोर सांगितली जाई. स्तोत्रातील ‘मी’ मंदिराच्या दारापाशी येतो, दारे उघडण्याची विनंती करतो आणि त्याला आतून उत्तर मिळते. बांधणाऱ्यांनी टाकून दिलेला दगडच कोनशिला झाल्याचे प्रसिद्ध रूपक त्यानंतर येते. पंचविसाव्या वचनात कृतज्ञतेच्या भरातच पुन्हा सुटकेची याचना आहे; म्हणजे एकदा झालेली सुटका कायमची मानलेली नाही. तालमूदमध्ये या भागातील ओळी दावीद, त्याचा पिता इशाय, त्याचे भाऊ व शमुवेल यांच्यात वाटून दिल्या आहेत. इतिहास म्हणून ही वाटणी स्वीकारता येत नाही. पण अनेक आवाजांची जाण तीत आहे.

मंदिरात वल्हांडणाच्या कोकरांचा बळी दिला जात असता लेवी हालेल गात. मांडवांच्या सणात पंचविसावे वचन म्हणत वेदीस प्रदक्षिणा घालीत. इ. स. ७० मध्ये मंदिर उद्‌ध्वस्त झाले, तरी हालेल सिनेगॉगमध्ये आणि वल्हांडणाच्या रात्रीच्या भोजनविधीत टिकून राहिले. या रात्री प्रत्येक पिढीतील माणसाने आपण स्वतःच ईजिप्तमधून बाहेर पडलो असे मानावे, असा मिश्नाचा दंडक आहे. स्तोत्रातील अनामिक ‘मी’ची जागा तेव्हा म्हणणारा घेतो.

हालेल केव्हा म्हणू नये, याचाही परंपरेने तितक्याच बारकाईने विचार केला आहे. पुरीमच्या सणात ज्यूंच्या संहारातून झालेल्या सुटकेचे स्मरण असले, तरी त्या दिवशी हालेल म्हटले जात नाही. तालमूदमध्ये याची अनेक कारणे दिली आहेत. त्यांपैकी रावा या पंडिताचे कारण असे, की जीव वाचला तरी लोक इराणच्या राजाचे दासच राहिले. वल्हांडणाच्या शेवटच्या सहा दिवसांत ११५ व ११६ या स्तोत्रांचे पूर्वार्ध गाळून ‘अर्धे’ हालेल म्हणतात. तालमूदमधील कारण अर्पणांच्या संख्येशी निगडित आहे. उत्तरकालीन परंपरेने मात्र समुद्रात बुडालेले ईजिप्शियन हीदेखील परमेश्वराचीच निर्मिती होती, असे कारण दिले. ११८ वे स्तोत्र त्याही दिवसांत पूर्ण म्हटले जाते. इस्राएल राष्ट्राच्या स्थापनेनंतर (१९४८) स्वातंत्र्यदिनी हालेल म्हणावे काय आणि म्हटल्यास आशीर्वचनासह काय, यावर धर्मपंडितांत एकमत झालेले नाही.

ख्रिस्ती उपासनेतील ‘होसान्ना’ हा उद्गार पंचविसाव्या वचनातील ‘होशिआ ना’ या याचनेवरून आला, तर कोनशिलेचे रूपक नव्या करारात येशूला लावले गेले. कोकणातील मराठीभाषक बेने इस्राएल समाजासाठी वल्हांडणविधीचा ग्रंथ (हग्गादा) मराठी भाषांतरासह मुंबईत १८४६ मध्ये व पुण्यात १८७४ मध्ये छापण्यात आला. हालेल हा त्या विधीचाच भाग असल्याने हे स्तोत्र त्या समाजात हिब्रूबरोबर मराठीतूनही वाचले जाऊ लागले.