जुने भगंदर आणि कर्करोग

ज्या दुखण्याचे नाव घरातसुद्धा दबक्या आवाजात घेतले जाते, त्याविषयी आज भर सभेत बोलायचे आहे. मी डॉक्टर नाही. कारखान्यांतल्या माणसांत आयुष्य गेले, आणि रात्री पुस्तके वाचून, जाणत्यांना विचारून जे कळले तेवढे सांगतो.

भगंदर म्हणजे आतड्याच्या शेवटापासून बाहेरच्या कातडीपर्यंत पडलेली नळी. सुश्रुताने तो आठ महारोगांत मोजला. बहुतेकांना तो गुदद्वाराजवळच्या लहान ग्रंथीत पू होऊन होतो आणि शस्त्रक्रियेने बराही होतो. पण एक चिवट जात आहे, ती क्रोनच्या आजाराची. न्यूयॉर्कचे डॉ. क्रोन आणि त्यांचे सहकारी गिन्झबर्ग व ओपेनहायमर यांनी १९३२ साली या आजाराचे वर्णन केले. यात शरीराची संरक्षक फौज आपल्याच आतड्यावर उलटते. आतडे सुजते, व्रण पडतात आणि ते भिंत पोखरत जातात. अशा रोग्यांपैकी साधारण चौथ्या हिश्श्याला कधी ना कधी भगंदर होते. आपल्याकडे आतड्याचा क्षय पुष्कळसा असाच दिसतो, म्हणून खरे निदान व्हायलाच वर्षे जातात.

आता कर्करोगाचा प्रश्न. जखम भरण्यासाठी पेशींना सारख्या नव्या पेशी घडवाव्या लागतात. तीन पाळ्या अखंड चालणाऱ्या यंत्रावर एखादा नग बिघडलेला निघतोच. तसे दहा-वीस वर्षे धुमसणाऱ्या नळीत एखादी पेशी बिघडते आणि ताळ्यावर राहत नाही. आतड्याच्या अस्तरातून उठणारा आणि कातडीच्या पेशींतून उठणारा असे या कर्करोगाचे दोन मुख्य प्रकार आहेत. दुसऱ्यात पुष्कळदा पॅपिलोमा विषाणूचाही हात असतो.

घाबरून जाऊ नका. असा कर्करोग शंभरांत एकालाही होत नाही. पण ज्याला होतो त्याचा फार उशिरा सापडतो, कारण नवे दुखणे जुन्या दुखण्याच्या आड लपते. पू येतोच, ठणकतेच; रोग्याला वाटते नेहमीचेच आहे, आणि कधी डॉक्टरलाही तसेच वाटते. बाहेरचे तोंड सुकले तरी आत नळी जिवंत असू शकते, हेही ध्यानात ठेवावे.

लक्ष ठेवायचे ते बदलावर. ठणका वाढला किंवा त्याची जात बदलली, हाताला कडक गाठ लागू लागली, रक्त किंवा बुळबुळीत स्राव येऊ लागला, शौचाची वाट अरुंद झाली, चांगली लागू पडलेली औषधे एकाएकी निष्फळ ठरली, तर थांबू नये. एम.आर.आय. चित्राने नळीचा मार्ग कळतो, पण कर्करोगाचा निवाडा त्यावर होत नाही. भूल देऊन नीट तपासणी करावी लागते, नळीतला तुकडा खरवडून सूक्ष्मदर्शकाखाली पाहावा लागतो. एकदा काही सापडले नाही आणि संशय उरला, तर पुन्हा पाहावा लागतो. ‘बिनऑपरेशन खात्रीने इलाज’ अशी पाटी लावणाऱ्याकडे हे काही होत नाही. तिथे फक्त पैसे आणि महिने जातात. मात्र क्रोनची चालू औषधे भीतीपोटी मनाने बंद करू नयेत, कारण दाह आटोक्यात ठेवणे हाच मुळातला उपाय आहे.

कर्करोग निघालाच तर किरणोपचार, औषधे आणि बहुधा मोठी शस्त्रक्रिया करावी लागते. तीत गुदद्वार काढून पोटावर कायमची वाट करतात. ऐकून अंगावर काटा येतो, पण पोटाला पिशवी लावून कामावर जाणारी माणसे आहेत.

आमच्या माणसाची अडचण निराळी असते. रजेच्या अर्जावर तो ‘ताप’ लिहितो आणि डॉक्टरपुढे ‘मूळव्याध’ म्हणतो. त्याने एवढेच सांगावे: “भगंदर बारा वर्षांचे आहे, आणि दोन महिन्यांपासून दुखणे बदलले आहे.”